आग्नेय कोपऱ्यातल्या पाच सूना

नव्या फ्लॅटचे स्वयंपाकघर ठरवताना किंवा जुन्या घराचा ओटा फोडून नवा घालताना धर्म एकदाच मध्ये येतो, आणि तो दिशेच्या रूपाने येतो. पुण्या-मुंबईतल्या मॉड्युलर किचनच्या दालनात आराखडा उघडला, की हॉब आग्नेयेला आहे ना, स्वयंपाक करणाराचे तोंड पूर्वेला होते ना, शेगडी आणि सिंक लगटून तर येत नाहीत ना, एवढे विचारले जाते. आराखडा काढणारा तरुण या प्रश्नांना सरावलेला असतो. तो ओटा फिरवून दाखवतो, सिंक दोन फूट सरकवतो आणि धर्माचे काम संपते. पुढचे तास-दोन तास बिल्ट-इन अव्हन, चिमणीची ओढ, काचेच्या हॉबवरचे बर्नर, दाराआड लपणारा फ्रीज आणि डिशवॉशर यांवर जातात. या भागात धर्माला विचारण्यासारखे काही नाही, अशी आपली समजूत आहे. वास्तुशास्त्र मानणाऱ्याची ती आहे आणि त्याला हसणाऱ्याचीही आहे. मला वाटते ही समजूत चुकीची आहे. आपल्या परंपरेने स्वयंपाकघराला विचारलेला सर्वांत टोकदार प्रश्न कोपऱ्याविषयी नव्हता, उपकरणांविषयी होता. तो आजच्या महागड्या उपकरणांना लावून पाहिला, तर काय घ्यावे आणि काय दालनातच सोडून यावे याचा बराच उलगडा होतो.

धर्मशास्त्रात ‘पंचसूना’ नावाची एक कल्पना आहे. सूना म्हणजे जीव मारण्याची जागा, सरळ शब्दांत खाटीकखाना. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या अशा पाच जागा मोजल्या आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी वगैरे झाडण्या-आवरण्याची साधने, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. सरपणातली वाळवी जळते, वाटणाखाली किडा चिरडतो, केरसुणीत मुंगी सापडते, कांडताना आणि घड्याच्या बुडाखालीही कोणी ना कोणी मरते. ही यादी आजच्या घराला लावून पाहावी. चुलीचा हॉब झाला, पाट्याचा मिक्सर झाला, केरसुणीचे काम घरभर फिरणाऱ्या रोबोने आणि डिशवॉशरने वाटून घेतले, उखळ फूड प्रोसेसरमध्ये गेले आणि घड्याच्या जागी भिंतीवर आरओ आला. दालनातला विक्रेता एकत्र सवलतीत जे पाच-सहा नग दाखवतो, ते जवळजवळ त्याच यादीतले आहेत. मात्र ही यादी निषेधाची नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. चूल विझवा, पाटा फेकून द्या, असे तिथे कोणी सांगत नाही. अग्नी सोडायचा तो संन्याशाने. गृहस्थाने चूल पेटवायचीच आहे आणि त्यात हिंसा होणारच आहे, हे धरून चालून तिचा हिशेब ठेवायला सांगितले आहे. रोजचे पाच महायज्ञ ही त्या हिशेबाची फेड: अध्ययन-अध्यापन, पितरांना पाणी, अग्नीत आहुती, प्राणिमात्रांना घास, अतिथीला जेवण. दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत काही मराठी घरांत होणारा वैश्वदेव, पानात बसण्याआधी बाजूला काढलेला गोग्रास, काकबळी हे सगळे त्याचेच अवशेष. हे महायज्ञ शतपथ ब्राह्मणात आधीच आहेत, पण तिथे त्यांचा सूनांशी संबंध जोडलेला नाही. तो नंतर जोडला गेला. मला मोल वाटते ते या जोडण्याचे. कोणीतरी आपल्याच घरातल्या पाट्याकडे, घड्याकडे पाहिले आणि त्या निमूट वस्तूंवर कर्ज लिहिलेले आहे असे ठरवले.

आता महाग उपकरणाचे वेगळेपण कशात असते ते पाहू. पदार्थात ते फारसे दिसत नाही. भाकरी फुगायला आणि भरताचे वांगे भाजायला ज्योत लागते, ती साध्या शेगडीची असो की आयात केलेल्या रेंजची असो. फरक दिसतो तो लपवण्याच्या कौशल्यात. महागड्या फ्रीजला तोंडच नसते, तो कपाटाच्या फळीसारख्या फळीआड उभा असतो. ड्रॉवरला मूठ नसते. अव्हन भिंतीत शिरलेला असतो, हॉबची काच ओट्याच्या पातळीत उतरलेली असते, आणि एक चिमणी तर अशी मिळते की ती कळ दाबल्यावर ओट्यातून वर येते आणि काम झाले की पुन्हा ओट्यात बुडते. आवाज जितका कमी तितकी किंमत जास्त. उत्तम डिशवॉशरचा आवाज चाळीस डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे कुजबुजीहून थोडा वर. काही जर्मन डिशवॉशर इतके निःशब्द आणि इतके झाकलेले असतात, की आत भांडी धुतली जात आहेत हे घरच्यांना कळावे म्हणून त्यांना जमिनीवर लाल ठिपका पाडावा लागतो. आपल्याकडच्या नैयायिकांना, म्हणजे जुन्या तर्कशास्त्र्यांना, हा ठिपका फार आवडला असता. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, या त्यांच्या प्रसिद्ध अनुमानाला त्यांनी दिलेला ठरलेला दृष्टांत महानसाचा, म्हणजे स्वयंपाकघराचाच आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, जसा स्वयंपाकघरात असतो. शतकानुशतके तर्काच्या विद्यार्थ्यांना हा दृष्टांत पुरला, कारण स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र पाहिले नाहीत असा माणूसच नव्हता. नव्या स्वयंपाकघरात हा दृष्टांत चालणार नाही.

पण धूर गेला कुठे? देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अजून कोळशावर तयार होते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे. कोथरूडमधल्या इंडक्शनच्या काचेवर दूध तापते तेव्हा त्या घरात धूर नसतो, तो चंद्रपुरात असतो, आणि राखही तिथेच पडते. घड्याच्या वारसाचेही तसेच. आरओ यंत्र शुद्ध पाण्याच्या एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी सहज टाकून देते. ते एका बारीक नळीतून सिंकच्या खाली जाते आणि कपाटाचे दार बंद असल्यामुळे कोणाला दिसत नाही. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओ वापरू देऊ नये, अशी भूमिका राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये घेतली. खडकवासल्याचे किंवा तानसा-भातसाचे नळाचे पाणी त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. म्हणजे ज्या घरात टँकर किंवा बोअरचे पाणी येत नाही, अशा पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत हे यंत्र नको असलेले शुद्धीकरण करण्यासाठी हवे असलेले पाणी गटारात सोडते. पाचवी सूना नाहीशी झाली नाही, तिचा पत्ता बदलला. अमेरिकेतल्या मोंटाना विद्यापीठातले तत्त्वज्ञ अल्बर्ट बोर्गमान यांनी 1984 च्या आपल्या ग्रंथात आधुनिक उपकरणाचे हेच लक्षण सांगितले होते: ते मिळणारी वस्तू पुढे करते आणि ती मिळवणारी यंत्रणा मागे सारते. घरातल्या शेकोटीच्या जागी मध्यवर्ती हीटर आला, की ऊब राहते, पण लाकूड, ते फोडणारे हात आणि शेकोटीभोवतीचे घर या गोष्टी नजरेआड होतात. बोर्गमान यांना तुटलेल्या नात्याची खंत होती. पंचसूनेची कल्पना त्याहून कडक आहे, कारण तिला खंत नको आहे, फेड हवी आहे. आणि जे कर्ज दिसत नाही ते कोणी फेडत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की उपकरणाची धर्मदृष्ट्या परीक्षा त्याच्या किमतीवर करू नये. ते आपल्या घरामुळे होणारी हानी खरोखर कमी करते, की ती फक्त आपल्या डोळ्यांआड नेऊन ठेवते, एवढे पाहावे. पहिल्या प्रकारचे उपकरण लाखाचे असले तरी घ्यावे. दुसऱ्या प्रकारात आपण पैसे मोजतो ते विसरण्याचे.

मनुस्मृतीचा दाखला वाचून महाराष्ट्रातला वाचक थबकेल, आणि त्याने थबकायलाच हवे. 25 डिसेंबर 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला या ग्रंथाचे दहन झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडच्याच चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी हजारो माणसांना सत्याग्रह करावा लागला होता. ज्या व्यवस्थेने घड्याखाली मरणाऱ्या किड्याचे पाप मोजले, तिने त्या घड्याला कोणाचा हात लागू द्यायचा नाही याचेही नियम केले, आणि त्या नियमांनी झालेली हिंसा कुठल्याच सूनेत धरली नाही. माणसाचा अपमान त्या हिशेबात आलाच नाही. तसाच बाईचा घामही आला नाही. ‘पंचसूना’ हा शब्द मराठी कानाला ऐकू येतो तो पाच सुना असा. व्युत्पत्तीने दोन शब्दांचा काही संबंध नाही, सून आली ती स्नुषेवरून. पण चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि घडा या पाचही जागी दिवसभर कोण उभे होते हे पाहिले, तर ही चूक शास्त्रकाराच्या यादीपेक्षा खरी वाटते. मुसळाखालची मुंगी ज्याला दिसली, त्याला मुसळ धरणारा हात दिसला नाही. तेव्हा प्रश्न उरतो, की अशा ठिकाणाहून काही घ्यावेच का. मी घेतो आहे तो अधिकार नाही, प्रश्न आहे. आणि प्रश्न कोणी विचारला यापेक्षा तो पुरता विचारला गेला का, हे महत्त्वाचे. तो पुरता विचारला गेला नाही. यादीत सहावी सूना घालावी लागते, आणि ती म्हणजे श्रमाची.

सहावी सूना धरली की लगेच दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो अधिक अवघड आहे. उपकरणांनीच तर बाईला त्या पाच जागांवरून सोडवले. मग त्यांच्यावर संशय घेणे म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचे गोडवे गात बाईला पुन्हा जात्यावर बसवणे नव्हे काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो ठेवा अमोल आहे, आणि तो पहाटेच्या अंधारात जाते ओढणाऱ्या बायकांनी रचला आहे. पिठाची गिरणी आली तेव्हा त्याच बायकांनी दळणाचे डबे आनंदाने गिरणीत पाठवले. ओवी गेल्याचे दुःख करायला आपण मोकळे आहोत, पण ते त्यांच्या खांद्यांवर करू नये. हा आक्षेप इथवर मला पूर्ण मान्य आहे. पण उपकरण घेतले म्हणजे श्रम सुटले, ही पुढची पायरी पुराव्यावर टिकत नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात अमेरिकन घरांचा इतिहास तपासून दाखवले, की घरात यंत्रे आली तसे गृहिणीचे कामाचे तास म्हणावे तसे घटले नाहीत. घरकामातून पुरुष, मुले आणि नोकर बाजूला झाले, स्वच्छतेच्या आणि स्वयंपाकाच्या अपेक्षा वाढल्या, आणि यंत्रांसह सगळे एकट्या बाईवर आले. आपल्याकडचे सरकारी आकडे याला दुजोरा देतात. 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होत्या आणि असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. 2024 च्या सर्वेक्षणात हे आकडे 289 आणि 88 झाले. मधल्या पाच वर्षांत घराघरांत किती मिक्सर, किती वॉशिंग मशीन आली असतील! बाईची दहा मिनिटे वाचली, पुरुषाची नऊ. दरी जवळजवळ तशीच राहिली. बिल्ट-इन अव्हन आल्यावर घरात केक, पिझ्झा आणि लसूणपाव ‘घरचा’ हवा असे ठरते, आणि तो करणारी तीच असते. तेव्हा उपकरणाला विचारायचा सहाव्या सूनेचा प्रश्न असा: तुझ्यामुळे कोण मोकळे होणार, आणि ती मोकळीक पुन्हा ओट्यापाशीच खर्च होणार काय?

लपवणे नेहमीच वाईट कसे, असे कोणी विचारेल. चुलीच्या धुराने कोट्यवधी बायकांचे डोळे आणि फुप्फुसे खराब केली. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून गावोगावी गॅस गेला तो याच कारणाने. धूर घरातून काढणे हे पुण्याचेच काम नाही काय? आहे. पण त्या ठिकाणी धूर नुसता हलवला गेला नाही, कमी झाला. लाकडापेक्षा गॅस पुष्कळ स्वच्छ जळतो, आणि ज्या बाईच्या तोंडावर धूर येत होता तिचा त्रास खरोखर मिटला. दहा-बारा हजारांची चिमणी हेच काम शहरात करते, निदान फोडणीचा ठसका स्वयंपाक करणारीच्या छातीत जाऊ देत नाही. (तिचा पाइप शेजाऱ्याच्या खिडकीशी सोडला असेल तर मात्र हिशेब पुन्हा मांडावा.) डिशवॉशरचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण चैनीची वस्तू म्हणून त्याची चेष्टा सर्वांत जास्त होते. बारा-चौदा जणांची भांडी तो दहा लिटरच्या आसपास पाण्यात धुतो. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत तितकीच भांडी हाताने धुणाऱ्यांनी सरासरी शंभर लिटरच्या घरात पाणी वापरले. आपल्याकडे बादली आणि तांब्या घेऊन भांडी विसळणारी बाई इतके पाणी कधीच घालवत नाही, हे खरे. पण वाहत्या नळाखाली धुणाऱ्या घरांना हा आकडा लागू आहे. त्यातून, भांडी कोण घासणार हा रोजचा तंटा मिटवणारे आणि पुरुषाला विनासंकोच चालवता येणारे हे यंत्र आहे. भारतीय बाजारातल्या यंत्रांत कढईसाठी वेगळी फेरीही असते. माझ्या परीक्षेत हे उपकरण उत्तीर्ण होते, आणि भिंतीत बसवलेले काही लाखांचे कॉफीयंत्र नापास होते. दोन्ही जर्मन असतील, दोन्ही महाग असतील. म्हणून साधेपणाच्या नावाखाली सरसकट सगळ्याच उपकरणांवर फुली मारणे हा मला आळस वाटतो. गांधीजींनीही यंत्रांवर टीका करताना शिवणयंत्राला अपवाद केले होते, कारण त्याच्या मुळाशी त्यांना एका माणसाचे कष्ट वाचवण्याची तळमळ दिसत होती.

उपकरण आणि हिंसा यांचा संबंध याहून बारकाईने लावला तो जैन आचार्यांनी. त्यांच्या श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थांच्या आचारनियमांत, साधनाला ‘अधिकरण’ म्हणतात, हिंसा जिच्या आधाराने घडते ती वस्तू. निरर्थक हिंसेपासून दूर राहण्याच्या व्रतात जे दोष सांगितले आहेत, त्यांत ‘असमीक्ष्याधिकरण’ हा एक आहे: पुरता विचार न करता, गरजेबाहेर साधने जमवणे. श्वेतांबर परंपरेत याच दोषाला ‘संयुक्ताधिकरण’ म्हणतात. साधनाचे सुटे भाग जोडून तयार ठेवणे हाही दोष, जसे उखळाजवळ मुसळ. वाचताना हे अतिरेकी वाटते, पण त्यामागचे निरीक्षण तीक्ष्ण आहे. हाताशी सज्ज असलेले साधन आपल्याकडून काम मागून घेते. उखळात मुसळ ठेवलेले असेल तर येणाराजाणारा कांडायला बसेल. आजच्या घरात याची दोन रूपे दिसतात. एक, दरवेळी नवे काहीतरी करायला लावणारे साधन. दुसरे अगदी उलट आणि मराठी घरांत अधिक ओळखीचे, म्हणजे दोन-चारदा वापरून कढया, तवे आणि पापडाचे डबे ठेवण्याचे कपाट झालेला अव्हन. आपल्या रोजच्या जेवणात भाजणे आहे ते तव्यावर आणि निखाऱ्यावर, बंद भट्टीत नाही. तरीही भट्टी घेतली जाते, कारण आराखड्यात तिच्यासाठी चौकोन आधीच काढलेला असतो. 1960 च्या दशकात ‘सुमीत’ मिक्सर आला तो याच्या नेमक्या उलट वाटेने. परदेशी मिक्सर आपल्या हळकुंडांपुढे आणि सुक्या खोबऱ्यापुढे हात टेकत होते, म्हणून आपल्या वाटणासाठी मोटर घडवली गेली. घराच्या जेवणातून उपकरण निघाले. समीक्षा म्हणतात ती हीच, आधी पान पाहायचे आणि मग यंत्र.

धर्माने यंत्राच्या पोटात शिरून प्रश्न विचारल्याचे एक उदाहरण आहे, ते सांगतो. सब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी अग्नी पेटवायचा नाही, हा ज्यू धर्माचा नियम. तो पाळणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या अनेक महागड्या अव्हन आणि फ्रीजमध्ये 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून ‘सब्बाथ मोड’ असतो. बाल्टिमोरची स्टार-के ही संस्था अशी यंत्रे तपासून प्रमाणित करते. दार उघडले तरी दिवा लागू नये, काही तासांनी आपोआप बंद होण्याची सोय मध्ये येऊ नये, पडद्यावर आकडे हलू नयेत, अशी व्यवस्था त्यात असते. ही पळवाट आहे असे म्हणणारे ज्यू समाजातही आहेत. असेल; पण पळवाट शोधण्यासाठी का होईना, फ्रीजचे दार उघडताना आपण नेमके काय सुरू करतो हा विचार त्यांना करावा लागला. कोकणातले बेने इस्रायल पूर्वी घाण्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सोमवारी घाणा थांबवणारे शिवभक्त ते सोमवार तेली. एकाच गावात दोन देवांच्या नावाने दोन दिवस घाणे विसावत असत, आणि घाण्याचा बैलही. आपण दसऱ्याला मिक्सरला हळदकुंकू वाहतो, फ्रीजच्या दारावर झेंडूची माळ लटकवतो, पण त्याच दिवशी श्रीखंड-पुरीचा बेत असल्याने सर्वांत जास्त राबवतो ते त्यांनाच, आणि ती चालवणाऱ्या बाईला.

शेवटचा आक्षेप सौंदर्याचा. स्वयंपाकघर देखणे असावे, अन्न शिजते ती जागा स्वच्छ आणि शांत असावी, यात कसला आला दोष? काहीच नाही. देवघराला चांदीची समई चालते, मग अन्नाच्या जागेला चांगली काच का नको? पण सध्या उंची फ्लॅटमध्ये दोन स्वयंपाकघरांची पद्धत येते आहे. पुढचे ‘ड्राय किचन’ पाहुण्यांना दिसते. त्यात आयलंड, कॉफीयंत्र, भिंतीतला अव्हन आणि चकाकता हॉब. मागचे ‘वेट किचन’ अरुंद असते, त्याला बरेचदा खिडकीही धड नसते. तिथे साधी शेगडी, तेलाचे डाग, फोडणीचा धूर, आणि बहुतेक वेळा बाहेरून येणाऱ्या स्वयंपाकाच्या बाई. लाखोंची चिमणी पुढे आहे, जिथे काही तळले जात नाही. ती जिच्या नाकाला हवी होती, ती मागे खोकते आहे. या मांडणीला मी सौंदर्य म्हणू शकत नाही. सूना लपवण्याच्या कलेचे हे शेवटचे टोक आहे, कारण इथे धूर चंद्रपूरलाही न्यावा लागलेला नाही. तो एका भिंतीच्या पलीकडे ठेवला आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला; ज्या घरांत त्या राबतात तिथल्या आराखड्यात त्यांच्यासाठी अजून वेगळी रेघ पडलेली नाही.

फेडीचे काय, हे विचारल्याशिवाय पंचसूनेचा विचार पुरा होत नाही. कोणी वैश्वदेव पुन्हा सुरू करावा असे मी म्हणत नाही. करत असेल त्याने खुशाल करावा. पण महायज्ञांचा आशय आजच्या ओट्याला सहज लागतो. आरओ अटळच असेल तर त्याच्या नळीखाली बादली ठेवून ते पाणी फरशीला, संडासाला वापरणे हा भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांचा वाटा, झाला. ओला कचरा घरी जिरवणे हाही तोच. ज्याने स्वतःपुरतेच शिजवले त्याने पापच खाल्ले, असे गीतेचे म्हणणे आहे. त्या हिशेबाने सहा बर्नरच्या हॉबवर दोन माणसांचे जेवण रोज होत असेल, तर वर्षातून काही वेळा तरी ते सहाही बर्नर दुसऱ्या कोणासाठी पेटावेत. आणि सहाव्या सूनेची फेड सर्वांत स्वस्त आहे. उपकरणांच्या याद्या घेऊन नवरा-बायको दालनात बसतात तेव्हा त्या यंत्रांशी रोज झगडणारी तिसरी व्यक्ती तिथे नसते. कोटेशनवर सही करण्याआधी, ज्या बाई तुमच्याकडे ड्राय बाल्कनीत बसून भांडी घासतात, त्यांना एकदा विचारा, नळ किती उंचीवर हवा.